वृद्धाश्रमातील मुखारोग्य : नजरेआड राहिलेली सेवा

वृद्धाश्रमात नवीन व्यक्तीला प्रवेश देताना एक छापील अर्ज भरून घेतात. नाव, वय, मूळ गाव, जवळचे नातेवाईक, आधार क्रमांक, बँक खाते, रक्तदाब, मधुमेह, चष्मा, श्रवणयंत्र, चालता येते किंवा नाही, प्रसंग ओढवल्यास कोणाला कळवायचे, असे बहुतेक सारे त्यात असते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे कोणताही अर्ज हाती आला की त्यात काय विचारले आहे यापेक्षा काय विचारायचे राहिले आहे, याकडे माझे लक्ष आधी जाते. निवृत्तीनंतर आपल्या भागातील काही संस्थांचे अर्ज मी पाहिले. तोंडात दात किती आहेत, कवळी आहे काय, चावता येते काय, गिळताना ठसका लागतो काय, असा एकही रकाना मला त्यांत आढळला नाही. ही व्यक्ती आपल्याकडे पुढील अनेक वर्षे दिवसातून दोनदा जेवणार, हे संस्थेने गृहीत धरलेले असते. ते जेवण ज्या वाटेने पोटात जाणार, त्या वाटेची मात्र चौकशी होत नाही.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये वृद्धांच्या शुश्रूषागृहांची तपासणी करणाऱ्या 'केअर क्वालिटी कमिशन' या यंत्रणेने २०१९ मध्ये शंभर गृहांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५२ टक्के गृहांत मुखारोग्याविषयी कोणतेही धोरण नव्हते, ४७ टक्के गृहांत कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण दिले जात नव्हते आणि तपासलेल्या वैयक्तिक शुश्रूषा-आराखड्यांपैकी ७३ टक्के आराखड्यांत तोंडाच्या निगेचा उल्लेख अपुरा होता किंवा मुळीच नव्हता. जेथे प्रत्येक वृद्धाची स्वतंत्र फाइल ठेवली जाते, तेथील ही अवस्था. मग जेथे एक व्यवस्थापक, दोन स्वयंपाकी बाया आणि एक रखवालदार यांच्यावर चाळीस वृद्धांचा संसार चालतो, तेथे दोष कोणाला द्यावा?

निराधार, आजारी व वृद्ध माणसाला आयुष्यभरासाठी सांभाळण्याची परंपरा विदर्भाला नवी नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम उभे केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन स्थापिले आणि १९४९ मध्ये बाबा आमटे यांची महारोगी सेवा समिती स्थापन झाली, जिच्यातून वरोऱ्याचे आनंदवन आकाराला आले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथील संत दोला महाराज वृद्धाश्रम अनेक वर्षे निराधार वृद्धांना आसरा देत आला आहे. राज्य शासनाने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. पुढे माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठीचा २००७ चा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निर्धन ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. राज्यातील साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण त्या वेळी सुमारे दहा टक्के होते. तेच प्रमाण लावले तर तेव्हाच जिल्ह्यात पावणेतीन लाखांच्या आसपास ज्येष्ठ नागरिक होते, आणि आज ही संख्या वाढलेलीच असणार. त्यांतील फार थोडे वृद्धाश्रमात आहेत. पण घरात अंथरुणाला खिळलेले, ज्यांची देखभाल दिवसपाळीच्या मावशींकडे सोपवलेली आहे, असे वृद्ध आपल्या समाजातही आता घरोघरी आहेत. या लेखातील बहुतेक सर्व त्यांनाही लागू पडते.

"म्हातारपणी दात पडायचेच, त्यात एवढे काय?" असे आपण सहज म्हणून जातो. जपानने मात्र हे विधान मान्य केले नाही. ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे वीस दात असावेत, असे उद्दिष्ट ठेवून तेथे १९८९ पासून मोहीम चालली. २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत ऐंशीच्या घरातील निम्म्याहून अधिक लोकांना वीस किंवा अधिक दात असल्याचे दिसले. दात वयाने पडत नाहीत, हिरड्यांच्या रोगाने आणि किडीने पडतात. वय केवळ त्या दोघांना वेळ देते.

परंतु दात पडणे ही यातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट फुप्फुसांची आहे. न घासलेल्या दातांवर, जिभेवर आणि कवळीवर जंतूंचा बुळबुळीत थर साचतो. निरोगी माणूस झोपेत लाळ गिळताना चुकून थोडी श्वासनलिकेत गेली तर खोकून बाहेर टाकतो. पक्षाघात झालेल्या, सतत पडून असलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाचा तो खोकाच क्षीण झालेला असतो. लाळेबरोबर जंतू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. मृत्यूच्या दाखल्यावर 'न्यूमोनिया' किंवा 'वार्धक्य' असे लिहिले जाते. त्याची सुरुवात तोंडात झाली असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

जपानमधील ११ शुश्रूषागृहांत या गोष्टीची दोन वर्षे पद्धतशीर परीक्षा झाली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचा वृत्तान्त आला आणि २००२ मध्ये सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वृद्धांचे दोन गट पाडले. एका गटाचे तोंड कर्मचारी प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ करीत आणि दंतवैद्य आठवड्याला तपासून जात. दुसऱ्या गटाचे पूर्वीप्रमाणेच चालू राहिले. निगा न घेतलेल्या १८२ जणांपैकी ३४ जणांना न्यूमोनिया झाला. निगा घेतलेल्या १८४ जणांपैकी २१ जणांना. न्यूमोनियाने होणारे मृत्यूही कमी झाले. मला यातील सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब वेगळीच आहे. ज्यांच्या तोंडात एकही दात नव्हता त्यांनाही या निगेचा लाभ झाला. "दातच नाहीत, मग घासायचे काय?" या आपल्याकडच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. जीभ असते, हिरड्या असतात, टाळू असते, कवळी असते.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की पुढील सर्वच अभ्यासांत इतका स्पष्ट फरक दिसला नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील १४ शुश्रूषागृहांत असाच दोन वर्षांचा प्रयोग झाला. पहिल्या वर्षी न्यूमोनिया घटल्याचे दिसले. दुसऱ्या वर्षाअखेर हिशेब केला तेव्हा फरक भरवशाने सांगण्याइतका उरला नव्हता. काम सुरुवातीच्या निष्ठेने पुढे चालू न राहणे हे त्याचे संभाव्य कारण अभ्यासकांनी मांडले. बँकेत रोजची रोकड मोजणी एक दिवस टाळली तरी कोणी मरत नाही, पण सवय सुटली की शाखा बिघडते. त्यामुळे या निष्कर्षाचे मला आश्चर्य वाटले नाही.

आता आपल्या समाजाचा ज्या गोष्टीशी थेट संबंध आहे, त्याकडे वळतो. वाढदिवस, पुण्यतिथी, पर्युषणाची सांगता, नव्या दुकानाचा शुभारंभ अशा निमित्ताने वृद्धाश्रमाला एक वेळचे गोड जेवण देण्याची चांगली पद्धत आपल्याकडे रुजली आहे. जेवणात काय असते? पुरी, बुंदीचा लाडू, मसालेभात, तळलेले पापड, काकडीची कोशिंबीर. जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात अशा पंगतीला मी वाढायला होतो. पंगतीतील एका आजींनी लाडू हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, हे मले चावत नाई. वरनात कुसकरून भाकर दे." ताटातील पुऱ्या तशाच राहिल्या. नंतर मी उगाच मोजदाद केली, तेव्हा त्या ओळीतील जवळपास निम्म्या ताटांत पुरी आणि काकडी उरलेली होती, वरण-भात मात्र कुठेच नव्हता. देणाऱ्याच्या भावनेत काही उणे नव्हते. जेवणाऱ्याच्या तोंडाची माहिती कोणी विचारली नव्हती, इतकेच.

चावता न येणारा माणूस हळूहळू एकेक पदार्थ सोडत जातो. आधी भुईमुगाचे दाणे आणि ऊस जातो, मग ज्वारीची भाकर, कच्ची भाजी, पेरू, सफरचंद. शेवटी वरण-भात, चहात बुडवलेले बिस्किट आणि शिरा एवढेच उरते. पोट भरते, पण प्रथिने व तंतू कमी पडतात. मग बद्धकोष्ठता, अशक्तपणा आणि वजनातली घट ही ठरलेली. गोड व चिकट पदार्थ मात्र वाढत जातात, आणि उरलेल्या दातांना नेमका तोच धोका असतो. वयोमानाने हिरड्या खाली सरकतात आणि दातांची मुळे उघडी पडतात. मुळांवर वरच्या भागासारखे कठीण आवरण नसते. त्यामुळे तेथे कीड झपाट्याने पसरते आणि दात हिरडीच्या रेषेशी मोडतो. त्यातच रक्तदाब, झोप, नैराश्य, लघवीचा त्रास यांवरील अनेक औषधांनी लाळ कमी होते. लाळ हे तोंडाचे नैसर्गिक धुणे आहे. ती आटली की जीभ टाळूला चिकटते, अन्नाचा घास फिरत नाही आणि किडीला रान मोकळे मिळते. मधुमेह असेल तर हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांचा रोग असेल तर साखर आटोक्यात येत नाही. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते.

पंगतीत लाडूऐवजी मऊ मुगाची खिचडी, कढी, पालकाची पातळ भाजी, दुधी, पिकलेली केळी किंवा पपई, दही असे द्यावे. उसळ द्यायची तर मऊ शिजवून घोटून द्यावी. गोड पदार्थ हवाच असेल तर तो जेवणाबरोबरच द्यावा, दुपारी चारला वेगळा पुडा वाटू नये. कारण गोडाच्या प्रमाणापेक्षा ते दिवसातून किती वेळा तोंडात जाते यावर कीड अधिक अवलंबून असते.

आपल्या जिल्ह्याचे दोन प्रश्न मात्र आपलेच आहेत. पहिला तंबाखूचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला खर्रा विदर्भात गल्लोगल्ली मिळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्ऱ्याची सवय तिच्याही पुढे टिकली. वृद्ध स्त्रियांत मिस्री किंवा गुडाखू लावण्याची सवय आहे, आणि ती 'दात घासणे' या नावाखाली चालते म्हणून तिच्याकडे व्यसन म्हणून कोणी पाहत नाही. वृद्धाश्रमात असे चाळीस-पन्नास वर्षांचे सवयीचे लोक असतात. त्यांना एका दिवसात सोडा म्हणणे निष्फळ आहे. पण महिन्यातून एकदा खिडकीच्या उजेडात त्यांचे तोंड उघडून पाहणे सहज शक्य आहे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, तोंड तीन बोटांइतकेही न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. तोंडाचा कर्करोग डोळ्यांना दिसतो आणि लवकर सापडला तर उपचार होण्याजोगा असतो. तो उशिरा सापडण्याचे एक मोठे कारण, कोणी पाहिलेच नाही, हे आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पांढरकवडा, झरी-जामणी या बाजूच्या काही गावांतील भूजलात फ्लोराइड अधिक आहे. तेथे बालपण गेलेल्यांच्या दातांवर पिवळसर-तपकिरी डाग दिसतात. ते डाग घासून जात नाहीत. दात तयार होतानाच ते दातात उतरलेले असतात. अशा आजी-आजोबांचे दात अस्वच्छ समजून कर्मचारी राखुंडी किंवा लाल मंजन जोराने घासतात, तेव्हा डाग तसेच राहतात आणि झिजतो तो दात. राखुंडी, विटेची पूड, जाड मंजन हे सर्व बंद करावे. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या दातणाची ज्यांना आयुष्यभराची सवय आहे, त्यांना ते हवे तर करू द्यावे, पण नंतर मऊ ब्रशने घासून द्यावे. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट वापरावी काय, अशी शंका या गावांकडून येते. वृद्धांचे दात कधीचेच तयार झालेले असतात. वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकून टाकली तर नवे डाग पडत नाहीत, उलट मुळांची कीड रोखायला ती उपयोगी पडते.

दुसऱ्याचे दात घासणे हे वाटते तितके सोपे काम नाही. समोर उभे राहून ब्रश तोंडात घातला की वृद्ध माणूस मान मागे टाकतो आणि पाणी घशात उतरते. म्हणून त्यांना ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी आणि आपण बाजूला किंवा थोडे मागे उभे राहून त्यांच्या डोक्याला आधार द्यावा. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ असावा. हिरडी आणि दात जेथे मिळतात त्या रेषेवर तो हलक्या हाताने फिरवावा, शेवटी जीभ पुसावी. हिरडीतून थोडे रक्त आले तर बहुतेक कर्मचारी घाबरून घासणे थांबवतात. वास्तविक सुजलेल्या हिरडीला स्वच्छतेचीच गरज असते, आणि रोज नीट घासल्यावर रक्त येणे सहसा कमी होते. ते थांबतच नसेल तर दंतवैद्य हवा. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना चूळ भरायला पाणी देऊ नये. पेस्ट अगदी नावापुरती घ्यावी आणि ओल्या, स्वच्छ, घट्ट पिळलेल्या कापडाने तोंड पुसून काढावे. अंथरुणावरच असलेल्याला कुशीवर वळवून उशाशी टॉवेल ठेवावा. बोट दातांच्या मध्ये घालू नये, चावले जाते. आणि त्यात त्या माणसाचा दोष नसतो.

ज्यांना स्वतः घासता येते त्यांच्या हातून ते काम काढून घेऊ नये. संधिवाताने किंवा पक्षाघाताने पकड गेली असेल तर ब्रशच्या दांड्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवावी किंवा जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करावा. आठवड्यातून एकदा ती पट्टी बदलायला मात्र विसरू नये. काम तेच करतील, आपण शेवटी फक्त राहिलेली बाजू घासून द्यायची.

स्मृतिभ्रंश झालेल्यांची गोष्ट निराळी. ते ओठ घट्ट मिटतात, हात झटकतात, कधी शिवी देतात. कर्मचारी म्हणतात, "ते करूच देत नाहीत." त्यांच्याशी झगडा करण्यात अर्थ नाही. रोज एकाच वेळी, एकाच ओळखीच्या व्यक्तीने, आरशासमोर, त्यांच्या हातात ब्रश देऊन त्यावर आपला हात ठेवून सुरुवात करावी. सकाळी जमले नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे. अशा व्यक्तीला दात दुखतो हे सांगता येत नाही. तिने अचानक जेवण सोडले, गाल धरून ठेवला, एकाच बाजूने खायला लागली किंवा विनाकारण चिडू लागली, तर मानसोपचाराच्या गोळीचा विचार करण्यापूर्वी तोंडात डोकावून पाहावे.

कवळीविषयी लिहिण्याजोगे बरेच आहे, कारण वृद्धाश्रमात सर्वाधिक गोंधळ तिचाच होतो. रात्री काढलेल्या कवळ्या एकाच ट्रेमध्ये ठेवल्या जातात आणि सकाळी कोणाची कोणाला जाते ते कळत नाही. न बसणारी कवळी हिरडीला घासते, जखम होते, मग ती उशाखाली पडून राहते. जपानमध्ये ८५ वर्षांवरील ५२४ जणांच्या एका अभ्यासात कवळी घालूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याची जोखीम दुपटीहून अधिक आढळली होती. रात्रभर कवळी घातली की टाळूवर बुरशीही वाढते. टाळू लालभडक दिसते पण अनेकदा दुखत नाही, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. म्हणून रात्री कवळी काढायची, मऊ ब्रश व सौम्य साबणाने दोन्ही बाजूंनी घासायची आणि नाव लिहिलेल्या झाकणाच्या डबीत स्वच्छ पाण्यात ठेवायची. ते पाणी रोज बदलायचे. गरम पाणी वापरू नये, तिचा आकार बिघडतो. टूथपेस्ट व मंजन वापरू नये, तिच्यावर बारीक चरे पडतात आणि जंतूंना घर मिळते. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा जाड टॉवेल असावा, कारण ओल्या हातातून निसटून फरशीवर पडली की तिचे दोन तुकडे होतात. नवी कवळी करतानाच तिच्या आत मालकाचे नाव घालून द्या, असे दंततंत्रज्ञाला सांगावे. जुन्या कवळीवरही ते नंतर करून मिळते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी चौविहाराचा नियम पाळणारे वडीलधारे आहेत. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, मग झोपण्यापूर्वी दात घासा हा डॉक्टरांचा सल्ला कसा पाळायचा, असे ते विचारतात. तोंडाच्या दृष्टीने पाहिले तर हा नियम सोयीचाच आहे. संध्याकाळच्या भोजनानंतर लगेच, सूर्य मावळण्यापूर्वी दात घासले, कवळी धुऊन पाण्यात ठेवली, की त्यानंतर सकाळपर्यंत काहीच खाल्ले जात नाही. रात्री दहाला दूध-बिस्किट घेऊन झोपणाऱ्यापेक्षा त्याचे दात अधिक सुरक्षित असतात. अडचण एवढीच की औषधांनी ज्यांचे तोंड कोरडे पडते त्यांना रात्र जड जाते. त्यांनी ओठांना रात्री तुपाचे बोट लावावे आणि दिवसा थोडे थोडे पाणी पीत राहावे. औषधाची वेळ किंवा गोळी बदलता येते काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. काही वडील मंडळी मुनिचर्येचा दाखला देऊन दात घासण्याचेच टाळतात. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन आहे हे खरे. पण ते महाव्रतींचे आचरण आहे. मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. चार वेळा चहा आणि दोनदा फराळ करणाऱ्या आपण श्रावकांनी त्यांतील नेमके तेवढेच उचलावे हे मला पटत नाही. उपवासाच्या दिवसांचा नियम ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारून ठरवावा.

संस्थेत या कामाची नोंद ठेवायची तर त्यासाठी दंतवैद्य असलाच पाहिजे असे नाही. ऑस्ट्रेलियातून प्रचारात आलेला एक आठ मुद्द्यांचा तक्ता आहे : ओठ, जीभ, हिरड्या व आतील त्वचा, लाळ, नैसर्गिक दात, कवळी, स्वच्छता आणि दातदुखी. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १६. गुण जितके अधिक तितकी अवस्था वाईट. थोडे समजावून दिले तर दहावी झालेली मावशीही तो पाच मिनिटांत भरू शकते. प्रवेशाच्या दिवशी एकदा आणि पुढे दर सहा महिन्यांनी भरावा. रोजच्या नोंदवहीत रक्तदाबाच्या शेजारी 'तोंड : सकाळ / संध्याकाळ' असे दोन रकाने आखले की पुरे. ज्या कामाला रकाना असतो ते काम होते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

शासकीय योजनांबद्दल थोडक्यात सांगतो. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, जी २०१७ पासून चालू आहे, गरीब ज्येष्ठांना मोफत मिळणाऱ्या साधनांच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची यांच्याबरोबर कृत्रिम दातांचाही समावेश आहे. शिबिरात लोक खुर्ची व काठी मागतात, दात मागत नाहीत. यादी कोणी वाचलेलीच नसते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची आहे. ६५ वर्षांवरील व दोन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना तीन हजार रुपये थेट आधारसंलग्न खात्यात मिळतात. तिच्यात नावाने सांगितलेल्या साधनांत कवळी नाही. ती असावी, अशी मागणी आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी करावयास हरकत नाही.

आता खर्चाचा ढोबळ हिशेब. एका व्यक्तीला वर्षाला चार ब्रश, दोन-तीन पेस्ट आणि एक डबी धरली तर तीन-साडेतीनशे रुपये होतात. चाळीस जणांच्या संस्थेला बारा ते चौदा हजार. एका गोड पंगतीला आपण याहून अधिक खर्च करतो. पण खरा खर्च हा नव्हेच. चाळीसांपैकी दहा जण परावलंबी आहेत असे धरा. प्रत्येकी दोन वेळा पाच-पाच मिनिटे म्हणजे रोज शंभर मिनिटे. एवढा वेळ कोणाचा? स्वयंपाक, कपडे, संडास-बाथरूम सांभाळणाऱ्या त्याच दोन बायांचा तो असू शकत नाही. गावातील एखाद्या बाईला सकाळ-संध्याकाळ एकेक तासासाठी मानधनावर नेमावे लागेल. दात्यांचा कल पंखे, कूलर, कपाटे देण्याकडे असतो; पंख्याच्या पात्यावर नाव रंगवता येते, पगारावर रंगवता येत नाही. मानधनाचे बारा महिने बारा कुटुंबांनी वाटून घेतले तर कोणालाच भार होणार नाही.

कवळीच्या बाबतीतही किमतीपेक्षा प्रवास आडवा येतो. दंत महाविद्यालयात कवळी खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. यवतमाळहून साधारण सत्तर किलोमीटरवर वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे दंत महाविद्यालय आहे, अमरावतीला आहे, नागपूरला शासकीय आहे. परंतु पूर्ण कवळीसाठी पहिले माप, दुसरे माप, जबड्यांचा मेळ, मेणातली चाचणी आणि शेवटी बसवणे अशा पाच फेऱ्या साधारणपणे लागतात, आणि पुढे टोचते तेथे घासून घेण्यासाठी आणखी एक-दोन. पंचाहत्तर वर्षांच्या आजींना एस.टी.ने पाच वेळा कोण नेणार? दुसऱ्या फेरीनंतर काम सुटते आणि अर्धवट माप तेथेच राहते. आपल्यापैकी अनेकांच्या दारात सात आसनी गाड्या आहेत. एका गाडीत चार वृद्ध आणि एक सोबतीण सहज बसतात. पाच फेऱ्यांत चार जणांचे दात पूर्ण होतात. पहिल्या फेरीला प्रत्येकाची औषधांची चिठ्ठी, जुनी कवळी असल्यास ती आणि आधारकार्ड बरोबर असावे. रक्त पातळ करणारी गोळी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरचे इंजेक्शन चालू असेल तर ते दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना अवश्य सांगावे, आणि आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. जे सकाळी न खाता निघू शकत नाहीत, त्यांच्यासाठी मऊ उपमा डब्यात घ्यावा. यवतमाळहून सात वाजता निघाले तर काम आटोपून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाला परत पोहोचता येते.